हीटरजवळचं जागं माणूस

लातूर, २५ नोव्हेंबर १९८२

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

गं. भा. विहीणबाई उमाबाई यांस नीलम्माचा शरणार्थ.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. ती मला पाळता येत नाही, हे लिहायला हात उचलत नव्हता. म्हणून पत्राला उशीर झाला, राग मानू नये.

आमच्याकडे पाण्याचे फार हाल आहेत. पावसानं दगा दिला आणि त्यातच लातूर जिल्हा झाला. बाहेरगावचे साहेबलोक, त्यांचे संसार, त्यांची ऑफिसं सगळी इथंच आली. माणसं वाढली, पाणी मात्र होतं त्याहून कमी. नळ चार दिवसांनी येतो, तोही करंगळीएवढा. आडाचा तळ दिसून राहिला. बाळंतिणीला न्हाऊ घालायचं, बाळाचे लंगोट धुवायचे, तर पाणी आणू कुठून? म्हणून शिवगंगाला तुमच्याच पदरात ठेवावं, असं ठरवलं. दिवस भरत आले की मी येईनच.

यांचं दुकान सध्या बंद आहे. लोकांनी जनावरंच विकून टाकली, सरकी-पेंड घेणार कोण? बाकी घरी बरं आहे. डब्यात डिंक, खोबरं आणि मेथ्या आहेत. शिवगंगाला सांगा, अप्पांनी आशीर्वाद सांगितलाय.

तुमची,
नीलम्मा

•

विष्णुपुरी, नांदेड, २१ डिसेंबर

विहीणबाईस उमाबाईचा शरणार्थ.

डबा मिळाला. डिंक चांगला हाय. पन लाडू वळायच्या आधीच तुमची लेक बाळंत झाली. आठव्यातच. गुरुवारी सकाळी पोरगी झाली. वजन चार पौंडाला कमीच भरलं. हातात घेतली तर कबुतर धरल्यावानी वाटतं. दवाखान्यातून काल घरी सोडलं. नर्स म्हनली, हिला ऊब लागती, आईच्या कुशीतून हलवू नका, डोक्याला टोपडं ठिवा.

नर्सनं विचारलं, पोरीची आई कुटं हाय? शेजारनीनं विचारलं, पोरीची आई कुटं हाय? मी सांगितलं, ती लातूरला पानी भरून राहिली. दुसरं काय सांगू? पानी आमच्याकडं बी डोक्यावरूनच आनावं लागतं. धरनाच्या कॉलनीत ऱ्हातो म्हून धरन काय घरात न्हाई. शिवगंगा भिंतीकडं तोंड करून पडती.

थंडी लई हाय. नदीवरचा वारा हाडात शिरतो. दोन्ही खिडक्यांना गोनपाट लावलं, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. बाजेखाली कोळशाची शेगडी ठिवली हाय. माझी चार लेकरं ह्याच शेकावर वाढली. तुम्ही काळजी करू नका. यायचं जमलं तर या, न्हाई जमलं तर तुमची मर्जी.

उमाबाई

•

लातूर, २५ डिसेंबर

विहीणबाईंस शरणार्थ.

नात झाली, पत्र वाचून मी देवापुढं साखर ठेवली. यांना वाचून दाखवलं. त्यांचे डोळे भरून आले. बोलले काही नाहीत.

तुमच्या बोलण्याचा मला राग नाही. तुमच्या जागी मी असते, तर याहून जास्त बोलले असते. पण आत्ता मला निघता येत नाही. का, ते विचारू नका. शिवगंगाला म्हणावं, आईवर रुसू नकोस. रुसलेल्या बाईला पान्हा फुटत नाही.

एक सुचवू का? कोळशाच्या शेगडीचं जरा बघा. आमच्याकडे दोन सळ्यांचा विजेचा हीटर आहे. आमचा पुतण्या संगप्पा, त्याच्या दुकानाचा माल आणायला हैदराबादला जातो, त्यानं आणला. यांना हल्ली थंडी सोसत नाही. त्याला धूर नाही की राख नाही. जावईबापूंना सांगून तसा एखादा मिळतो का बघा. आणि खिडकी पुरती बंद करू नका. एवढं ऐका.

नीलम्मा

•

विष्णुपुरी, २९ डिसेंबर

विहीणबाई,

तुमचं पत्र आलं त्याच दिशी सकाळी जे झालं, ते लिहिते. लिहिल्याबिगर ऱ्हाववत न्हाई.

उजाडल्यावर मी चहा घेऊन खोलीत गेले. शिवगंगाला हाक मारली, तिनं डोळे उघडले पन मान उचलंना. म्हनली, "अत्या, डोकं फुटून राहिलं." अन् तिथंच वकली. पोरगी तिच्या कुशीत. मी उचलली, तर तिनं मान टाकलेली. रडंना बी, हलंना बी. मला वाटलं नजर लागली. मीठ-मिरच्या उतरायला निघाले, तेवढ्यात माझा बसवंत आत आला. त्याचंच डोकं गरगरलं. त्यानं लाथ घालून मागचं दार उघडलं, गोनपाट फाडून काढलं अन् दोघींना अंगनात नेलं. गार वाऱ्यात पोरगी आधी निळी दिसली, मग रडली. एवढीशी रडली, पन रडली.

डॉक्टरीनबाई म्हनल्या, बंद खोलीत कोळसा जळला की त्यातून एक हवा सुटती. ती दिसत न्हाई, तिला वास न्हाई, मानूस झोपेतच जातं. म्या म्हनलं, माझी चार लेकरं वाढली की! त्या म्हनल्या, "आजी, तुमचं तेव्हाचं घर कसलं होतं?" मातीचं होतं. छताला धूर जायाला भोक होतं, दाराला हातभर फट होती. हे घर स्लॅबचं. त्यात म्या फटी बुजवल्या. चांगलं करायला गेले, अन् माझ्याच हातानं दोघी गेल्या असत्या. तवापासून अन्न गोड लागंना. शेगडी मागच्या नालीत नेऊन टाकली.

आता पोरगी गार पडती. पाय तर सदाच गार. बसवंत वजिराबादच्या बाजारात जाऊन आला. एक मातीच्या थाळीत उघडी तार असलेला हाय, एक पंख्याचा हाय, एक तुमच्यासारखा सळ्यांचा. कोनता घ्यावा, मला काय कळतंय? तुमच्याकडं हाय, तुम्ही सांगा. तुमच्याकडं प्यायला पानी न्हाई पन शेकायला हीटर हाय. बरं हाय बाई.

उमाबाई

•

लातूर, ३ जानेवारी १९८३

विहीणबाईंस शरणार्थ.

पत्र वाचलं. बाजारात शोधत बसू नका, आमचाच हीटर पाठवते. संगप्पा उद्याच्या गाडीनं निघतोय, त्याच्या हाती देते. आम्हाला आता त्याची गरज नाही. थंडी कमी झाली आहे.

उघड्या तारेची थाळी घरात आणूसुद्धा नका. ती भांडं ठेवायची वस्तू आहे, तिच्यावर पदर पडला तर बघता बघता पेटेल. पंख्याचा वाईट नसतो, पण त्याच्या झोतानं एवढ्याशा बाळाचं नाक-तोंड कोरडं पडतं. आमच्या हीटरला पुढं जाळी आहे. ती ढिली झाली आहे का, ते आधी बघा.

तो बाजेवर, पेटीवर, स्टुलावर ठेवू नका, सपाट फरशीवर ठेवा. वाकळ, धडपं, पडदा, सगळं त्याच्यापासून चांगलं दोन-अडीच हात लांब. बाळाचे लंगोट त्याच्यावर वाळत टाकायचा मोह होईल, टाकू नका. मी यांचं धोतर टाकलं होतं, ते क्षणात तपकिरी झालं. पाण्याची घागर त्या खोलीत नको. ओल्या हातानं बटण नको. त्याची तार वाकळीखालून नेऊ नका. खिडकी चार बोटं उघडी ठेवा, त्यानं सगळी ऊब जात नाही.

बाळ निजायच्या आधी खोली तापवून घ्या, मग बंद करा. आणि तो चालू असताना खोलीत एक जागं माणूस पाहिजे. नुसतं बसलेलं नाही, जागं. थकलेल्या माणसाला तिथं बसवू नका. बाळाला चटका बसला तर ते सांगू शकत नाही. ज्याला सांगता येत नाही, त्याच्याजवळ तो ठेवायचा तर दुसऱ्यानं डोळे मिटायचे नाहीत. हे मी दोनदा लिहिलं असेल. तुम्ही तीनदा वाचा.

नीलम्मा

•

विष्णुपुरी, १६ जानेवारी

विहीणबाई,

हीटर पोचला. पहिल्याच दिशी बसवंतानं दिव्याच्या बारीक वायरीला जोडून लावला. थोड्या वेळानं रबर जळाल्याचा वास यायला लागला, हात लावला तर वायर गरम. म्या बटन बंद करून समदं उपसून टाकलं. मग वायरमनला बोलावलं. त्यानं मोठ्या पिनांचं वेगळं बटन बसवलं, जाड वायर टाकली, जमिनीत अर्थिंग दिलं. आता तुम्ही लिहिलं तसंच करून राहिलो. मी समोर पाटावर बसती अन् डोळे ताठ ठिवती. पोरगी दूध वढायला लागली. पाय आता गार लागत न्हाईत.

आता दुसरं लिहिते.

संगप्पा जेवायला बसला तवा शिवगंगानं विचारलं, "अप्पा कसे हायेत? मला एक ओळ बी का लिहीत न्हाईत?" त्यो म्हनला, बरे हायेत. अन् ताटावरनं मान वर करंना. म्या त्याला अंगनात नेलं. म्हनलं, बाबा, मी विधवा बाई हाय, मला तोंडं वाचता येतात. मग त्यानं सांगितलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी दुकानातच लकवा मारला, डावं अंग गेलं, वाचा गेली. तवापासून विहीणबाई एकटीच उचलती, धुती, भरवती. अन् हीटर? त्यो डॉक्टरानं त्यांच्यासाठीच घ्यायला लावला हुता. त्यांचं अर्धं अंग गार पडतं म्हून.

विहीणबाई, तुम्ही काय केलं हे? मी तुम्हाला पान्यावरून बोलले, हीटरावरून बोलले, अन् तुम्ही गप बसून घेतलं. नवऱ्याच्या अंगची ऊब काढून माझ्या नातीला पाठवली. माझ्याच्यानं पत्र लिहवत न्हाई. कॉलनीतल्या बायांना सांगितलं तर त्यांनी डोळ्याला पदर लावला.

शिवगंगाला मी सांगून टाकलं. तुम्ही म्हनाल का सांगितलं. ती रोज भिंतीकडं तोंड करून पडायची, तिला वाटायचं आईनं टाकली. ते जास्त वाईट हुतं. ती लई रडली. पन दूध आटलं न्हाई, हे तुम्हाला मुद्दाम लिहिते.

बसवंतानं कालच नवा हीटर आनला. तुमचा परत पाठवते. कवा पाठवू ते कळवा.

उमाबाई

•

लातूर, २१ जानेवारी

विहीणबाई,

शिवगंगाला का सांगितलंत? तिचं बाळंतपण नीट पार पडावं म्हणून मी तीन महिने दातांवर दात धरून बसले होते. तुम्ही एका दुपारी सगळं उघडं केलंत. संगप्पालाही मी बोलले. बोलून झाल्यावर वाटलं, आता एक ओझं कमी झालं. पण राग आहे तो आहेच.

आणि मला मोठं करू नका. कॉलनीतल्या बायांना सांगा, डोळे पुसा. मी ऊब काढून तुम्हाला दिली नाही. मला तो हीटर घरात नको होता.

नाताळच्या सुट्टीतली, तुम्हाला हीटर सुचवल्यानंतरची गोष्ट. त्या दिवशी टँकर दोनदा आला. दोन्ही वेळा मी रांगेत होते. घरी येऊन यांचं अंथरूण बदललं, भात भरवला. दिवेलागणीला यांचे पाय गार लागले म्हणून हीटर बाजेच्या पायथ्याशी ठेवला. लांबच ठेवला होता. मी शेजारी भिंतीला टेकून बसले. नुसती बसले, विहीणबाई. पडलेसुद्धा नाही.

यांचा डावा पाय बाजेवरून घसरला. त्या पायात जीवच नाही, तर त्यांना कळणार कसं? खाली लोंबला आणि पोटरी जाळीला टेकली. वास आला तेव्हा त्यांना उमगलं. ओरडता येईना, पाय ओढता येईना. उजव्या हातानं ते बाजेची लाकडी पाटी बडवत राहिले. भिंतीपलीकडे आमच्या शेजारीण दानम्मा आहेत, त्यांना ते ऐकू गेलं. त्या पोळ्या टाकून धावत आल्या. त्यांनीच पाय उचलला, त्यांनीच बटण बंद केलं. आणि मी हातभर अंतरावर होते, मला ऐकू आलं नाही. दानम्मांनी खांदा हलवला तेव्हा उठले, तर विचारते काय, टँकर आला का?

जखम तळहाताएवढी आहे. रोज पट्टी बदलते. त्यांना दुखत नाही, तेच बघवत नाही. ते माझ्याकडे बघतात, मी पट्टीकडे बघते.

तुमचं पत्र आलं आणि मला निमित्त मिळालं. हीटर दारातून बाहेर गेला, तेव्हा मी मोकळा श्वास घेतला. परत पाठवू नका. मी त्याच्याजवळ बसायच्या लायकीची राहिले नाही. यांना दोन घोंगड्या आणि लोकरी मोजे घालते, तेवढं पुरतं.

तुम्ही तुमच्या शेगडीचं लगेच लिहिलंत. मी माझं लिहिलं नाही. एवढाच फरक.

नीलम्मा

•

विष्णुपुरी, २९ जानेवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र मी कुनाला दाखवलं न्हाई. शिवगंगाला एवढंच सांगितलं की, तुझी आई लई थकली.

तुम्ही लिहिलं, लायकी न्हाई. लायकीचं काय घेऊन बसलात? अडीच-तीन महिने एकट्या बाईनं एक आडवा मानूस सांभाळायचा, डोक्यावरनं पानी आनायचं, लोकांची तोंडं बंद ठिवायची, अन् त्यात जागं बी ऱ्हायचं? तुम्ही झोपला न्हाईत, तुम्ही पडलात. बैल औताला पडतो तसं. तुम्हीच मला लिहिलं का न्हाई, थकलेल्या मानसाला हीटरजवळ बसवू नका म्हून? मंग तुम्हाला तिथं कुनी बसवलं? मीच बसवलं की. मी "तुमची मर्जी" लिहून मोकळी झाले.

तर ऐका. पोरीचा सव्वा महिना झाला. डॉक्टरीनबाईंनी तपासली, वजन वाढलं, जायाला हरकत न्हाई म्हनल्या. बसवंताच्या ऑफिसातले साहेबराव जीप घेऊन अहमदपूरला घराकडं जानार हायेत, ते आम्हाला लातूरपर्यंत सोडतात. सोमवारी उन्हं चढल्यावर निघतो. शिवगंगा, पोरगी, बसवंत अन् मी. पान्याचं म्हनाल, तर जीपमधी दोन कॅन भरून आनते, पुढचं दोघी मिळून बघू.

तुमचा हीटर बी आनते. थंडी अजून हाय, अन् तुमच्या मानसाचं अंग गार हाय. त्याच्याजवळ मी बसती. मला म्हातारपनी झोप कमीच. तुम्ही आडव्या व्हायचं. ह्याच्यावर वाद घालायचा न्हाई.

शिवगंगाला मी पाडव्यापर्यंत तुमच्याकडं ठिवती. पहिलं बाळंतपन माहेरचं, ते आता अर्धं तरी हुईल.

उमाबाई

•

लातूर, २६ फेब्रुवारी

विहीणबाईंस नीलम्माचा शरणार्थ.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं जावईबापूंचं कार्ड आलं. तुम्ही स्वतः लिहिलं नाहीत. का, ते मला ठाऊक आहे. म्हणून आधी मी लिहिते.

तुम्ही आलात त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी जेवण झालं आणि तुम्ही मला मधल्या खोलीत ढकललंत. दाराला बाहेरून कडी घातलीत म्हणे, नंतर दानम्मांनी सांगितलं. मी म्हटलं, घटकाभर पडते. उठले तेव्हा दिवे लागले होते. दसऱ्यापासून मी एवढी झोपले नव्हते. तोंडात लाळ, केस सुटलेले, कुठं आहे तेही कळेना.

बाहेर आले, तर सगळे हसत होते. शिवगंगानं बाळ यांच्या उजव्या हाताच्या बेचक्यात ठेवलं होतं आणि यांनी आवाज काढला होता. शिवगंगा म्हणते, ते बाळाला लाडानं 'अव्वा', म्हणजे आई, म्हणाले. संगप्पा म्हणतो, नुसताच आवाज होता. हे तिरपं हसले होते, आणि बाळानं त्यांचं बोट धरलं होतं. सगळ्यांनी बघितलं, दानम्मांनीसुद्धा बघितलं. ज्या बाईनं त्या एका आवाजासाठी एवढे दिवस काढले, ती एकटी पलीकडं घोरत होती.

मी तुम्हाला सगळ्यांपुढं बोलले. तुम्ही मला उठवलं का नाही, एवढंही तुम्हाला कळू नये का, असं ओरडले. तुम्ही म्हणालात, "उठवायला आलते. तुमचं तोंड बघितलं अन् माघारी गेले." मग मी तुमच्याशी दोन दिवस धड बोलले नाही. तुम्ही मात्र हीटरसमोर पाटावर तशाच बसलात, त्यांची पट्टी बदललीत, नळाला उभ्या राहिलात. जाताना मी तुमची ओटी भरली नाही. विधवेची भरत नाहीत, असं मनाला सांगितलं. खरं तर रागात होते.

यांनी पुन्हा तसा आवाज काढलेला नाही. बाळाला रोज जवळ देतो, ते बघतात, हसतात, पण आवाज नाही. पुन्हा निघेल की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. तो ऐकायचा राहिला, याचं मला वाईट वाटतं, आणि पुढंही वाटत राहील. तुम्ही बरोबर केलंत की चूक, मला अजून ठरवता येत नाही.

पण तुम्ही गेल्यापासून मी रोज दुपारी झोपते. शिवगंगा आणि दानम्मा आळीपाळीनं बसतात. थंडी सरली, हीटर बांधून माळ्यावर टाकला. जखमेवर नवी कातडी धरते आहे, कडेनं गुलाबी दिसते. पट्टी बदलताना आता मी यांच्याकडे बघते.

शिवगंगाला न्यायला जावईबापूंना एकट्याला पाठवू नका. तुम्ही या. चार दिवस राहायच्या बोलीनं या. तुमच्यासाठी चोळीचं कापड आणून ठेवलंय, कोण काय म्हणेल ते म्हणो.

आत्ता दुपार आहे. बाळ निजलं. हे पत्र इथंच थांबवते. उठताना यांना सांगितलं, "मी जरा पडते." त्यांनी उजवा हात उचलला आणि आतल्या खोलीकडं केला. जा म्हणून.

तुमची,
नीलम्मा